मास्तरांनी भाकर घ्यायची का सोडली : एक प्रकरण

मास्तर प्रभुभोजनाला पुढे येईनासे झाले तेव्हा आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला घ्यायला कठड्यापाशी गुडघे टेकावे लागतात, आणि मास्तरांचं वय तेव्हा ६१. पहिल्या महिन्यात कोणी विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात भाकर वाटायच्या आधीच ते उठले आणि बाहेर चिंचेखाली चपला घालून उभे राहिले. तिसऱ्या महिन्यात उपासनेलाच आले नाहीत.

मी मंडळीच्या वडीलवर्गात, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांत आहे. त्याआधी ३४ वर्षं नर्स होते, म्हणून इथे सगळे मला सिस्टर म्हणतात. हे प्रकरण मी लिहावं असं मास्तर आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, दोघांनीही सांगितलं. लिहिलेलं त्यांनी वाचलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. जे चुकलं त्यात मात्र काहीही बदललेलं नाही, कारण त्यातलं बरंचसं माझंच आहे.

मास्तरांचं घर नंदानगरात. आजोबा नगरकडून मिशनच्या कामाला इंदूरला आले, वडील कापडगिरणीत लागले. मास्तर आयुष्यभर शाळेत गणित शिकवत राहिले. उपासना हिंदीत, शेजार हिंदीत, पण रात्रीची घरची प्रार्थना मराठीतच. पेटी काढायची, एक गीत, एक उतारा, मग प्रत्येकाने दोन शब्द. इंदूरच्या बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांचं असंच आहे.

मी घरी गेले तेव्हा वहिनींनी मला आधी स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाल्या, "सिस्टर, पहाटे चारला उठतात. सातपर्यंत प्रार्थना संपत नाही." संपत नाही म्हणजे काय, ते मग हळूहळू कळलं. प्रभूची प्रार्थना म्हणताना मध्येच मनात एखादा घाणेरडा शब्द आला, तर ती बाटली असं समजून पुन्हा पहिल्यापासून. ‘तुझं नाव पवित्र मानलं जावो’ या ओळीपाशी हटकून शब्द येई. कधी ४० वेळा, कधी ६०. शाळेची चौकटीची वही होती, त्यात प्रत्येक फेरीची एक रेघ, पाचवी आडवी. गणिताच्या मास्तरांचा हिशेब. वजन नऊ किलो उतरलं होतं.

बाहेरच्या खोलीत मास्तरांनी मला सांगितलं ते असं : गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत, वधस्तंभावरचे शब्द वाचले जात असताना, त्यांच्या मनात पवित्र आत्म्याविषयी एक शिवी आली. आणली नव्हती, आली. घरी येऊन त्यांनी बायबलमधला मार्काचा तिसरा अध्याय उघडला. तिथे येशू म्हणतो की माणसांच्या सगळ्या पापांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही. "सिस्टर, ज्याची क्षमाच नाही तेच माझ्या हातून झालं. आता भाकर घेतली तर दंड खाईन."

आम्ही समजावलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, तो अध्याय नीट उलगडून दाखवला : येशू भुतं काढतो ती भुतांच्या अधिपतीच्या जोरावर, असं यरुशलेमहून आलेले शास्त्री जाणूनबुजून म्हणत होते. त्यांना उद्देशून ते शब्द आहेत, आणि पुढच्याच वचनात मार्क ते कारण स्वतः सांगतो. ज्याचं काळीज असं घट्ट झालंय तो रात्ररात्र रडत बसत नाही. मास्तर, तुम्ही रडताय हीच खूण की तुमच्याकडून ते पाप झालेलं नाही. मंडळीत शतकानुशतकं हेच उत्तर दिलं जातं, आणि ते खरं आहे.

मास्तरांचा चेहरा सैल झाला. चहा घेतला, शेवेचे चार दाणे तोंडात टाकले. संध्याकाळी फोन : "सिस्टर, पण मी रडतोय ते खरं रडतोय की दाखवायला?"

त्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. एका दिवशी १९. प्रत्येक वेळी मी तेच उत्तर नव्या शब्दांत देई, नवं वचन शोधून देई. मला वाटे, हीच प्रीती, हाच धीर. एवढी वर्षं वॉर्डात काढूनही मला दिसलं नाही की माझं प्रत्येक उत्तर म्हणजे वहीतली आणखी एक रेघ होती. तासभर आराम, मग दुप्पट शंका. मी आजाराला वेळेवर जेवण वाढत होते.

मग बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी घरसभेत मास्तरांकडे पाहिलं आणि यांच्यात दुष्ट आत्मा आहे असं सांगितलं. फॅमिली डॉक्टरनी झोपेसाठी दिलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या, गोळी म्हणजे अविश्वास. त्या रात्री १५-१६ जणांनी मास्तरांना मधे बसवलं, डोक्यावर तेल, खांद्यांवर हात, आणि मोठमोठ्याने हुकूम : नीघ, नीघ. मास्तर कोसळले. सगळे म्हणाले, सुटले. मीही त्या खोलीत होते आणि गप्प राहिले. तेल लावून प्रार्थना करायला याकोबाच्या पत्रात सांगितलंच आहे, मग मधे कशी बोलू? पण त्याच ठिकाणी याकोब आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांना बोलवायला सांगतो. बोलावणारा आजारी असतो. मास्तरांना कोणी विचारलं होतं?

तीन दिवस ते खरंच शांत होते. चौथ्या दिवशी मत्तयाचा बारावा अध्याय त्यांच्या हाती लागला : बाहेर गेलेला आत्मा आपल्याहून वाईट असे सात घेऊन परत येतो. आता मास्तरांकडे आठ झाले.

वहिनींनी मला रात्री साडेअकराला फोन केला. मास्तर गच्चीवर बसून होते आणि खाली येत नव्हते. मी गेले, शेजारी बसले, आणि जे नर्स म्हणून कितीदा विचारलं होतं ते त्यांना सरळ विचारलं : मास्तर, जीव द्यावासा वाटतो का? ते म्हणाले, "वाटतो. पण तेही पाप." कोणी तरी विचारलं याचंच त्यांना हायसं वाटलं. आपण हा प्रश्न टाळतो, विचारल्याने मनात घालू अशा भीतीने. विचारल्याने मनात जात नाही. आत असतं ते बाहेर येतं. त्या रात्री त्यांना एकटं सोडलं नाही, आणि सकाळी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. (ज्यांच्या जवळ असा कोणी जाणारा-येणारा नाही, त्यांनी १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक लावावा. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत.)

डॉक्टर ख्रिस्ती नव्हते. त्यांनी मास्तरांना देवाधर्माबद्दल एक शब्दही वावगा ऐकवला नाही. शांतपणे विचारलं, लहानपणी असं काही होत असे का. मग जे निघालं ते ३७ वर्षांच्या संसारात वहिनींनाही माहीत नव्हतं. अकरावीच्या परीक्षेत मास्तर पहिलंच गणित परत परत तपासत बसले आणि तीन प्रश्न तसेच राहिले. नोकरीत असताना शाळेच्या कपाटाचं कुलूप बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जात. म्हणजे आजार जुना होता. आयुष्यभर त्याने वेगवेगळे कपडे घातले, आणि उतारवयात जे सर्वांत प्रिय तेच अंगावर घेतलं : प्रार्थना.

याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, साध्या भाषेत मंत्रचळ. नको असलेला विचार येतो, त्याने जीव घाबरा होतो, ती घबराट घालवायला माणूस एखादी क्रिया करतो, आणि क्रियेने आराम पडतो म्हणून मेंदू शिकतो की विचार खरंच धोक्याचा होता. शंभरातल्या दोन-तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. कोणाची क्रिया हात धुणं असते, कोणाची कुलूप बघणं, आणि श्रद्धाळू माणसाची अनेकदा क्षमा मागणं. उपचार दोन. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन अशा जातीचं औषध, ज्याचा नीट परिणाम दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. आणि दुसरा म्हणजे विचाराला येऊ द्यायचं, पण क्रिया करायची नाही. घबराट चढते, टिकते, मग आपोआप उतरते. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी ही पद्धत रुग्णांवर वापरून मांडली, आणि आजही तीच चालते.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी घरी येऊन जुनी पुस्तकं काढली तेव्हा दिसलं की मंडळीला हा आजार शेकडो वर्षांपासून माहीत आहे. लॅटिनमध्ये त्याला ‘स्क्रुपुलुस’ हा शब्द, म्हणजे बुटात गेलेला टोकदार बारीक खडा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना एकेका वेळी सहा-सहा तास पापांची कबुली देत, आणि त्यांचे गुरू योहान फॉन श्टाउपिट्झ थकून जात. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसात सांगून झालेलीच पापं पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जीव द्यायच्या विचारापर्यंत गेले, आठवडाभर अन्न सोडलं, आणि कबुली ऐकणाऱ्या पाळकाने हुकूम करून त्यांचा उपास मोडायला लावला. शेवटी जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवल्यावरच ते सुटले. इंग्रज उपदेशक-लेखक जॉन बन्यन यांच्या मनात महिनोन् महिने एकच वाक्य घुमत असे : ख्रिस्ताला विकून टाक. तेव्हा औषध नव्हतं, पण शहाण्या पाळकांनी ओळखलं होतं की या माणसाला आणखी पश्चात्ताप सांगायचा नसतो. एक माणूस निवडायचा, त्याचं ऐकायचं, आणि शंकेला उत्तर द्यायचं नाही. डॉक्टरनी आम्हाला सांगितलं तेही नेमकं हेच.

याच शहरात १८८० च्या दशकात कॅनडाहून आलेल्या मिशनच्या स्त्री डॉक्टर बायकांना औषध देत होत्या. त्याच मिशनने १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज उभारलं. आमच्या आजीपणजींना पवित्र शास्त्र आणि औषध एकाच दारातून मिळालं. गोळी म्हणजे अविश्वास, हे आमच्यात कुठून शिरलं?

पाळकसाहेब स्वतः डॉक्टरांना भेटले आणि आम्ही तिघांनी ठरवलं. क्षमा झाली का, या प्रश्नाचं उत्तर एकदाच, पाळकसाहेब देतील. नंतर कोणी देणार नाही. मास्तरांचा फोन आला की मी म्हणायचं, "मास्तर, उत्तर झालंय. आज पोहे काय खाल्ले ते सांगा." हे मला फार जड गेलं. पलीकडे माणूस कळवळून विचारतोय आणि आपल्याला उत्तर येत असून द्यायचं नाही. एकदा मी फोन ठेवून रडले. प्रभूची प्रार्थना दिवसातून एकदाच, आणि मधे शिवी आली तर तशीच पुढे म्हणायची. चौकटीची वही वहिनींनी मागितली, मास्तरांनी स्वतः दिली. पहिला महिना वाईट गेला. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला ते पुन्हा सकाळी ओट्यावर पेपर वाचताना दिसू लागले. रानातल्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिलं, दोनदा भाकर खाऊ घातली, आणि बोलणं नंतर झालं. मास्तरांचंही बोलणं नंतरच झालं.

प्रकरण इथे संपलं असतं तर मी ते लिहायला घेतलं नसतं.

साधारण पाचव्या महिन्यात मास्तर माझ्याकडे आले. फोन नाही, स्वतः चालत. बसले आणि म्हणाले, "सिस्टर, एक विचारायचंय. हे त्यातलं नाही." मी सावध झाले, कारण ‘हे त्यातलं नाही’ असंही हा आजार म्हणतो. पण आवाज वेगळा होता. घाई नव्हती. खांदे उतरलेले होते.

वडिलांच्या नावावरचं नंदानगरचं घर. वडील गेले, पुढे आई गेली. मुलं दोन, मास्तर आणि देवासला दिलेली धाकटी बहीण. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे अर्धं घर तिचं. २०११ साली मास्तरांनी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं, नामांतरणाला तुझी सही लागते. ती आली, भावाने दाखवलं तिथे सही केली, रजिस्ट्रारपुढे मान हलवली, आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. सही हक्कसोडपत्रावर होती. वर्षभराने तिचा नवरा वारला. ती शिलाईवर दोन मुलं वाढवत होती आणि मास्तर वरच्या मजल्याचं भाडं घेत होते. बारा वर्षं.

"त्या शिवीसाठी मी हजारदा क्षमा मागितली," मास्तर म्हणाले, "आणि याच्यासाठी एकदाही नाही. वहीत याची एकही रेघ नव्हती."

मी काय बोलावं मला कळेना. पाच महिने आम्ही सगळे त्यांना सांगत होतो की तुमचा अपराध खोटा आहे. आता ते खरा घेऊन आले होते. एक सोपी वाट होती, त्याला भुलायला होत होतं : मास्तर, हा पण आजारच आहे, विसरा. दुसरी वाट त्याहून वाईट, आणि मंडळीतल्या काहींनी पुढे तीच धरली : बघा, घर लाटलं म्हणून देवाने डोकं फिरवलं. ही दुसरी वाट मी पूर्णपणे नाकारते. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. मास्तरांचा आजार अकरावीतला, हक्कसोडपत्र २०११ चं. एकातून दुसरं निघालेलं नाही. एवढंच झालं होतं की मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकला होता, आणि औषधाने मोठा आवाज खाली आला तेव्हा लहान ऐकू आला. अध्यात्माचा दवाखाना उघडायला आधी मनाच्या दवाखान्यात जावं लागलं.

हे दोन कसे ओळखायचे, हे त्यानंतर मला बरेच जण विचारतात. मी जे पाहिलं ते सांगते. मंत्रचळाचा अपराध ‘कदाचित’ने सुरू होतो. कदाचित मी मनातून म्हटलं असेल, कदाचित पश्चात्ताप पुरेसा नसेल. त्यात समोर दुसरा माणूस नसतो, आपण आणि आपलं मनच. कितीही कबुली दिली तरी त्याचं पोट भरत नाही. खऱ्या अपराधाला तारीख असते, माणूस असतो, बहुतेक वेळा रक्कमही असते, आणि पुढे काय करायचं ते त्यालाच माहीत असतं. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. गप्प राहिल्याने झिजली. मास्तर शिवीबद्दल कधी गप्प नव्हतेच.

तरी मी एकटीने ठरवलं नाही. मास्तरांच्या परवानगीने डॉक्टरांशी बोलले. त्यांनी एकच सांगितलं : एकदा जायचं, एकदा सांगायचं, जे द्यायचं ते द्यायचं. माफ केलंस का, हे पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा. मी ते मास्तरांना वाचून दाखवलं नाही. त्यांना पाठ होतं.

इंदूरच्या सरवटे बसस्टँडवरून देवासची बस. वहिनी, मास्तर, मी. रस्ता तासाभराचा. बहिणीने दार उघडलं, पाणी दिलं. मास्तरांनी कागद काढून समोर ठेवले आणि पाच वाक्यांत सांगितलं. सबब सांगितली नाही, आजाराचं नाव घेतलं नाही. ती बराच वेळ शिलाई मशीनकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, ते वारले तेव्हा तू तेराव्या दिवसापर्यंत इथे होतास. त्या तेरा दिवसांत एकदा तरी सांगायचंस." एवढंच. चहा झाला नाही. आम्ही उठलो.

मास्तरांनी अर्ध्या घराचं दानपत्र तिच्या नावे नोंदवलं. मुद्रांक आणि फी निवृत्तीच्या ठेवीतून भरली. बारा वर्षांच्या भाड्यातलं तिचं अर्धं त्यांनी काढलं आणि हप्त्याने द्यायला घेतलं. गणिताचे मास्तर, पैशापर्यंत हिशेब. हा हिशेब मात्र संपणारा आहे, आणि त्याची वही बहिणीकडे आहे.

मंडळीतल्या चार बायका मला म्हणाल्या, आता आपण देवासला जाऊन तिला समजावू या, ख्रिस्ती माणसाने क्षमा करायलाच हवी. त्यांनी कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांची आठवण दिली. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरकडून इंदूरला येताना बसमधून ओढून त्यांचा खून झाला, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ साली राणी मारिया यांना इंदुरातच ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, तेव्हा आमच्यातलेही कितीतरी त्या मैदानावर होते. मी त्या बायकांना वर्ष विचारलं. राखी २००२ ची. मधे सात वर्षं गेली होती. देवासला आम्ही कोणी गेलो नाही. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते चांगलं करत होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

मास्तर पुन्हा कठड्यापाशी आले तो ऑक्टोबरचा पहिला रविवार. मी त्यांच्या डावीकडे होते. पाळकसाहेबांनी भाकर पुढे केली आणि मास्तरांचा हात थांबला. मला कळलं, शब्द आला असणार. पूर्वी ते उठून चिंचेखाली गेले असते. त्यांनी भाकर घेतली, तोंडात टाकली, आणि पेल्याची वाट पाहत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आला होता. घेतली तशीच."

औषध अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतात आणखी वर्षभर तरी. वाईट आठवडे येतात, विशेषतः ईस्टरआधीच्या उपासकाळात, तेव्हा वहिनी मला सांगतात आणि मी पोह्यांची चौकशी करते. दर महिन्याच्या पाच तारखेला वरच्या मजल्याचं अर्धं भाडं आणि एक हप्ता देवासला जातो. बहीण पैसे पोचल्याचं कळवते, एका शब्दात. गेल्या नाताळात तिच्या धाकट्या मुलाने डब्यातून अनारसे आणून दिले. ती स्वतः अजून नंदानगरच्या घरी आलेली नाही.